एका रंगाचे दोरे

बाबा, मला आयुष्यभर छळलेला एक प्रश्न तुम्हाला विचारायचा राहूनच गेला. म्हणजे एकदा विचारला होता, पण तुम्ही जे उत्तर दिलंत त्याला उत्तर म्हणत नाहीत. मिशनच्या मदरला आपल्या गावातून हलवलं ते तुमच्यामुळे का? तिच्याबरोबर मी पुण्याला नर्सिंग शिकायला जाणार होते. मी जाऊ नये म्हणून तुम्ही फौजदाराच्या कानात काही घातलंत का? मी सोळा वर्षांची होते तेव्हापासून हा संशय मी जवळ बाळगून आहे. आता तुमच्या शेवटच्या वयापेक्षाही मी म्हातारी झाले आहे, गुडघे धरून उठते, आणि तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की आधी हाच प्रश्न पुढे येतो.

संशय घ्यायला मी कुठे बाहेर शिकले नाही, हे तुम्हाला मान्य करावं लागेल. तुम्ही मिशनच्या शाळेत मास्तर. एखाद्या मुलाने गणिताचं उत्तर बरोबर सांगितलं की तुमचा चेहरा पडायचा. कुणाचं बघून लिहिलंस, हा तुमचा पहिला प्रश्न. दूधवाला दूध घालून वळला की तुम्ही भांडं उजेडात धरून बघायचात. आई गेल्यावर मिशनच्या बायका कधी भाजी आणून द्यायच्या, तर तीसुद्धा आधी हुंगून. चर्चमध्ये पाद्रीसाहेब उपदेश करत असले की तुम्ही मान किंचित तिरकी करून ऐकायचात, आणि घरी आल्यावर म्हणायचात, "बोलला चांगलं. पण असं का बोलला आजच?" मला तेव्हा हसू यायचं. पुढे वॉर्डात नवी नर्स आली की मीही तिच्याकडे तशीच मान तिरकी करून बघायला लागले, तेव्हा हसू यायचं बंद झालं.

मदर आली तेव्हा लढाई सुरू झालेली होती. तिसगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आपलं गाव, गावाच्या कडेला मिशनचं आवार, आवारात शाळा, चर्च आणि दोन खोल्यांचा दवाखाना. मदर स्पेनची. तिच्याबरोबर धाकटी सिस्टर, तीही तिकडचीच, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. गावाच्या हिशेबी गोरं कातडं म्हणजे इंग्रज, आणि इंग्रज नसेल तर जर्मन. तिसरं काही असू शकतं यावर कुणाचा विश्वास नव्हता. तुमचाही नव्हता. तुम्ही शाळेतला नकाशा उतरवून स्पेन कुठे आहे ते बघितलंत आणि मग त्या नकाशावरही थोडा वेळ संशय घेतलात.

दवाखान्यात शुश्रूषेचं एकच पुस्तक होतं, जाडजूड, इंग्रजी. मदरला इंग्रजी अडखळत यायचं, सिस्टरला मुळीच नाही. स्पॅनिश पुस्तक मागवायचं तर बोटी बंद. म्हणून मदरने ठरवलं की पुस्तकाचं स्पॅनिश आपणच करायचं, निदान सिस्टरपुरतं तरी. आणि इंग्रजी जाणणारा माणूस गावात एकच, तो म्हणजे तुम्ही. तुम्हाला स्पॅनिश येत नाही, तिला इंग्रजी पुरतं येत नाही, आणि मधे दोघांची मोडकीतोडकी मराठी. तिची मराठी मोडकी होती म्हणून, आणि तुमची तिच्याशी बोलताना मोडायची म्हणून.

मी आपलं स्वयंपाकघर अजून बघते आहे. शाळा सुटलेली, मी भाकरी थापते आहे, चुलीचा धूर खिडकीकडे निघाला आहे. तुम्ही पाटावर, मदर त्या एकुलत्या एका खुर्चीवर, डोळे धुरानं लाल झालेले, पण उठायला तयार नाही. सरळ शब्द असेल तर काम झटपट व्हायचं. एका शब्दाचे दोन-तीन अर्थ निघाले की तुमचा चेहरा उजळायचा. चोर सापडल्यावर पोलिसाचा उजळतो तसा. "हा शब्द बघा मदर, हा दोन घरी जेवतो," तुम्ही म्हणायचात. नेल म्हणजे भिंतीतला खिळा, आणि नेल म्हणजे बोटाचं नख. पल्स म्हणजे नाडी, आणि पल्स म्हणजे तूर-मूग. पुस्तकात एका पानावर नाडी बघायला सांगितलेली आणि पुढच्या पानावर तिचंच कढण करून रोग्याला पाजायला सांगितलेलं, यावर मदर इतकी हसली होती की तिची माळ चुलीजवळ पडली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच मी म्हणतो, तपासल्याबिगर काही घ्यायचं न्हाई."

मग तुमची ती पद्धत निघाली. तोंडी समजावण्यावर तुमचा भरवसा नव्हता. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तुम्ही चिठ्ठ्या केल्यात, एकेका अर्थाचा स्पॅनिश शब्द मदरने एकेका चिठ्ठीवर लिहिला, आणि ती चिठ्ठी त्या त्या वस्तूलाच बांधायची. इंग्रजी शब्द एक असेल तर त्याच्या सगळ्या अर्थांना दोरा एकाच रंगाचा. दोरे मदरच्या भरतकामातले. 'क्लावो' भिंतीतल्या खिळ्याला निळ्या दोऱ्याने, आणि 'उन्या' निळ्याच दोऱ्याने माझ्या करंगळीला. ती चिठ्ठी बोटाला लोंबत असताना मी दिवसभर धुणं-भांडी केली. नाडीची चिठ्ठी तुमच्या मनगटाला होती, म्हणून मी तक्रार केली नाही.

स्प्रिंग या शब्दाने मात्र सगळं आवार तांबडं केलं. विहिरीच्या तळाशी उन्हाळ्यातही पाझरणारा जिवंत झरा, म्हणून विहिरीच्या रहाटाला तांबडा दोरा. मिशनच्या टांग्याची लोखंडी कमान, तिला तांबडा दोरा. चैत्रात पालवी फुटणारा लिंब, त्याला तांबडा दोरा. आणि स्प्रिंग म्हणजे उडी मारणंही, ते कशाला बांधायचं? तुम्ही विचार करून करून शेवटी माझ्या शेळीच्या करडाच्या गळ्यात चिठ्ठी बांधलीत. करडाने संध्याकाळपर्यंत ती खाऊन टाकली, दोरा तेवढा राहिला.

आणि परीक्षा सिस्टरची. तुमचा नियमच होता: ज्याने उत्तर काढलं त्याला ते बरोबर का म्हणून विचारायचं नाही, तो हो म्हणणारच. ज्याला प्रश्न ठाऊक नाही त्याला विचारायचं. सिस्टर चिठ्ठ्या बांधताना हजर नसायची. तुम्ही तिच्यासमोर एकाएकी इंग्रजी शब्द म्हणायचात, किंवा दोरा दाखवायचात, आणि तिने क्षणाचाही विचार न करता त्या रंगाच्या सगळ्या वस्तूंपाशी धावत जायचं, हात लावायचा, स्पॅनिश नाव म्हणायचं आणि आपल्याला जमेल तशा मराठीत तिचा उपयोग सांगायचा. ती थबकली तर ती चिठ्ठी बाद. विचार केला की माणूस बनवून सांगतो, असं तुमचं म्हणणं. पहिले काही दिवस ती रडवेली व्हायची. मग तिला त्याचा खेळ झाला. दवाखान्यात असो की प्रार्थनेला निघालेली असो, तुम्ही नुसतं "स्प्रिंग!" म्हटलं की झगा सावरत विहिरीकडे पळत सुटायची.

एकदा पाम हा शब्द आला. तळहात आणि शिंदीसारखं झाड. मदर म्हणाली, आमच्यातही दोन्हींना 'पाल्मा'च म्हणतात. तुम्ही लेखणी खाली ठेवलीत. दोन भाषा अशा आपसात संगनमत करतील हे तुम्हाला पटेना. मदर कंटाळून काहीतरी सांगते आहे, असं तुमच्या मनाने घेतलं. मी मधेच म्हणाले, "बाबा, ती सांगते ना, तिची भाषा हाय ती." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की हातातली भाकरी तव्यावर करपली. "तिची हाय म्हणूनच विचारतो," तुम्ही म्हणालात. "तुला काय ठाऊक, कोण काय म्हणून सांगतं? उद्या कुणी तुला गोड बोलून घेऊन गेलं तर अशीच जाशील."

ते वाक्य मी विसरले नाही, कारण त्याच आठवड्यात मदरने मला विचारलं होतं. पट्ट्या गुंडाळताना तुझे हात चांगले चालतात, ती म्हणाली. नाताळ झाला की मी पुण्याला जाणार आहे, तिथल्या हॉस्पिटलात तुला शिकायला ठेवते. तुझ्या वडिलांना विचारते. तिने विचारलं, माझ्यासमोर. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. "बघू," म्हणालात, आणि पुढचा शब्द काढलात. मी रात्रंदिवस त्या 'बघू'चे अर्थ लावत होते. घरात आपण दोघंच. मी गेले तर तुमची भाकरी कोण करणार, हा प्रश्न तुम्हाला पडला असणारच, असं मला वाटे. तुम्ही तो तोंडातून काढत नव्हतात एवढंच.

इकडे गावात कुजबुज सुरू झाली होती. तारा तोडल्याच्या बातम्या येत होत्या, नगरच्या किल्ल्यात मोठे पुढारी कोंडून ठेवलेले, पोलीस कुणाच्याही दारात उभे राहत होते. अशा दिवसांत विहिरीवर, टांग्यावर आणि झाडावर परक्या अक्षरांच्या चिठ्ठ्या. पाण्याला येणाऱ्या म्हातारीने तुम्हाला गाठलंच. "मास्तर, हिरीला ह्यो दोरा कशापायी? सरकार हीर घेनार हाय का?" तुम्ही तिला समजावायला गेलात की इंग्रजीत एक शब्द असतो आणि त्याचे चार अर्थ असतात. ती ऐकून घेते आहे, पदर डोक्यावर ओढते आहे, आणि शेवटी म्हणते, "मंजी सांगायचं न्हाई तुमास्नी. ऱ्हाऊ द्या." दुसऱ्या दिवसापासून ती कळशी घेऊन लांबच्या ओढ्याला जाऊ लागली. कुणी म्हणे, तांबडं असेल तिथं इमान येऊन बाँब टाकणार. कुणी म्हणे, करडाच्या गळ्यात दोरा आहे तेव्हा ही करणी आहे. सगळ्या गावाला तुमची सवय लागली होती, बाबा. फक्त या वेळी संशय तुमच्यावरच होता.

फौजदार आला तो बाजाराचा दिवस. तुम्ही सकाळीच तिसगावला गेला होतात. मदर एका बाळंतिणीकडे वस्तीवर. मी ओढ्यावर पट्ट्या धूत होते. परत आले तर आवारात दोन शिपाई, आणि फौजदार टांग्याच्या कमानीवरचा दोरा बोटात धरून उभा. "हीर, टांगा, लिंब," तो शिपायाला सांगत होता, "समदं एकाच खुणेचं हाय. निळी खूण येगळ्या टोळीची." सिस्टर दवाखान्याच्या पायरीवर बसलेली, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, घाबरली आहे. माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. एका रंगाची चिठ्ठी म्हणजे एका कुळीची, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मग याला कुणी सांगितलं?

तुम्ही दुपारी परतलात. तुमच्याआधी पाण्याची म्हातारी येऊन सांगून गेली होती, की फौजदार आणि मास्तर रस्त्यात वडाखाली बोलत उभे होते, तिने येताना पाहिलं. तुम्ही घरात आलात, पिशवी ठेवलीत, पाणी प्यायलात, आणि फौजदार आला होता हे मी सांगायच्या आत म्हणालात, "माहीत हाय मला." झालं. माझा तपास तिथेच पुरा झाला.

सरकारने काही केलं नाही. दोरे जप्त झाले, चिठ्ठ्या जप्त झाल्या, पुस्तक मात्र बघून परत दिलं. पण मिशनचे वरचे लोक घाबरले. परदेशी बाई, लढाईचे दिवस, नसती आफत नको, म्हणून महिन्याभरात मदरला दूर मद्रासकडे धाडायचा हुकूम आला. पुणं राहिलं आणि मीही राहिले. ती निघाली त्या दिवशी सगळं आवार गोळा झालं, ओढ्याला जाणारी म्हातारीसुद्धा आली आणि रडली. तुम्ही शाळा सोडली नाहीत. पाढे म्हणून घेत होतात. मदरने शाळेच्या दारापर्यंत जाऊन हात जोडले, तुम्ही आतूनच जोडलेत. मला तुमची इतकी शरम वाटली की त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. "फौजदाराला तुम्ही सांगितलं का?" तुम्ही भिंतीवरचा खिळा बघत होतात, त्यावरचा निळा दोरा न्यायला शिपाई विसरले होते. "मला कशाला विचारतेस," तुम्ही म्हणालात. "मी न्हाईच म्हननार. ज्याला प्रश्न ठाऊक न्हाई, त्याला विचार." आणि पायात वहाणा घालून निघून गेलात. बाबा, मुलीशी असं बोलतात का? एक सरळ 'नाही' मला पुरलं असतं. खोटं असतं तरी चाललं असतं.

पुढे दोन वर्षांनी तुम्हीच मला हॉस्पिटलात शिकायला घातलंत. कुणाकुणाला अर्ज केलेत ते मला कळू दिलं नाहीत. नगरला गाडीत बसवून दिलंत, ट्रंक आत सरकवलीत, आणि गाडी हलायच्या आधी पाठ फिरवून चालू लागलात. मी म्हटलं, मन खातंय म्हणून पाठवताहेत. तुमच्या प्रत्येक गोष्टीला माझ्यापाशी अर्थ तयार असायचा आणि तो एकच असायचा. पैसे पाठवलेत, तर भरपाई. भेटायला आला नाहीत, तर तोंड दाखवायची लाज. तुम्ही गेलात तेव्हा मी ड्यूटीवर होते, पोचले तोवर माती झाली होती. कबरीशी उभी राहूनसुद्धा मी मनात विचारत होते, सांगितलं होतं का तुम्ही?

गेल्या पावसाळ्यात कळलं की धाकटी सिस्टर अजून आहे. पुण्याला, थकलेल्या सिस्टरांच्या घरी. मी गेले. तुमच्या पद्धतीने गेले, काय हवंय ते न सांगता. ती खुर्चीत, केस पांढरे, ओळख पटायला वेळ लागला. मराठी मात्र माझ्यासारखीच बोलते, अगदी आपल्या गावची. चहा झाला, तब्येती झाल्या. मग मी एकाएकी म्हटलं, "स्प्रिंग!"

बाबा, तिचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आले. उठायला निघाली होती. "मानान्तियाल," ती म्हणाली, "हीर. मुएये, टांगा. प्रिमावेरा, लिंबाचं झाड. साल्तो..." आणि हसली. "साल्तो बकरीनं खाल्ला." मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "असंच मी त्या पोलिसाला सांगितलं ना," ती म्हणाली. "त्यानं दोरा दाखवला आनी मी पळाले. मला वाटलं, परीक्षा हाय. मास्तरांनीच धाडलाय त्याला. हात धरून समदं दाखवलं, निळंबी दाखवलं."

ती त्याच दुपारी तिसगावच्या रस्त्यावर तुमच्यासमोर येऊन उभी राहिली होती, म्हणे. घडलं ते तिने रडत रडत सांगितलं, आणि मदरला कळू देऊ नका म्हणून विनवलं. तुम्ही मागे जाऊन वडाखाली फौजदाराला गाठलंत, समजावलंत, त्याने ऐकलं नाही. हेही तिच्याकडून कळलं. माझा चहा तसाच हातात होता. मला वाटलं, आता मला हलकं वाटेल.

मग ती म्हणाली, "तुझे बाबा त्यानंतर नगरला गेल्ते, वरच्या फादरांकडे. मला न्हेलं हुतं संगं. म्हनाले, मदरला धाडायचं तर धाडा, पन माझ्या पोरीला आत्ताच्या आत्ता तिच्यासंगं धाडा. मद्रास तर मद्रास. हितं ठिऊ नका तिला. फादर न्हाई म्हनाले, तर मास्तर खुर्चीत बसूनच ऱ्हायले. उठंनात. पोरीला शिकवा, एवढंच म्हनत हुते." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुला ठाऊक हुतं ना?"

मी हो म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

तर आता मला माहीत आहे. तुम्ही सांगितलं नव्हतं. उलट, मला घराबाहेर काढायला तुम्ही एका परक्या माणसाच्या खोलीत हटून बसला होतात. त्या 'बघू'चा अर्थ 'जा' होता. गाडी हलायच्या आधी तुम्ही पाठ फिरवलीत ती कशाने, तेही आता कळल्यासारखं वाटतं, पण ते मी लिहिणार नाही, लिहिलं की तुम्ही मान तिरकी कराल. तुमची माफी मागावी असं घरी येताना ठरवलं होतं. कागद घेऊन बसले तर माफी येईना. रडू येत होतं, पण ते सुटका झाल्याचं नव्हतं, काहीतरी हरवल्यासारखं होतं. बराच वेळ स्वतःचीच उलटतपासणी केली, तेव्हा कळलं.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमच्या थडग्यावर ठेवायलाही नेणार नाही, तिथे वारा फार असतो आणि शेजारी-पाजारी वाचतील. खाली एवढंच लिहून ठेवते. सोळाव्या वर्षापासून ते तुम्ही केलं असावं, असं मला नुसतं वाटत नव्हतं बाबा, ते तुम्ही केलेलं असावं अशी माझी इच्छा होती. तुम्ही मला कधी 'राहा' म्हणाला नाहीत. त्या एका संशयात तेवढं एकदा म्हणाला होतात.